हसऱ्या चेहऱ्यामागचा शीण



दिवसभर खुरपं चालवलं की पाठ धरते. पण पोटभर जेवून रात्रभर झोप लागली, की सकाळी माणूस पुन्हा उभा राहतो. शिणाचा आणखी एक प्रकार आहे. तो मनाचा. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यामागच्या कष्टांना कोणी काम म्हणत नाही.

आपल्या गावच्या आशाताईंचंच पाहा ना. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, आणि साधारण हजार वस्तीमागं एक आशा नेमायचं ठरलं. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, लस नको म्हणणाऱ्या घरी पुन्हा जायचं, चार बोल ऐकून घ्यायचे, आणि तरी आवाज चढू द्यायचा नाही. एका घरी तान्हं मूल दगावलं, तर त्या माउलीला धीर द्यायचा. तिथून निघून दुसऱ्या घरी बारशाला हसत जायचं. मग या बाईनं आपलं रडू ठेवायचं कुठं?

आर्ली हॉक्शील्ड या अमेरिकन विदुषींनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून १९८३ साली पुस्तक लिहिलं. पोटासाठी राग गिळणं आणि हसू आणणं, हेही श्रमच आहेत, असं त्यांनी दाखवलं. या श्रमांना विसावा मिळाला नाही, तर माणूस आतून विझत जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली कामाच्या ताणातून येणाऱ्या अशा अवस्थेची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती सरल्यासारखं वाटणं, कामाविषयी मन कडवट होणं, आणि काम हातून नीट न होणं. तिला त्यांनी रोग म्हटलेलं नाही. मूळ आहे ते कामाच्या ठिकाणच्या, न सावरलेल्या ताणात.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. वर्गात शिरताना घरचं दुःख उंबऱ्याबाहेर ठेवावं लागतं.

तेव्हा एखादी ताई कधी तुटकपणे बोलली, तर "ही माजली" असं चटकन म्हणू नका. "बसा, पाणी घ्या, आज फार दमलात," एवढं तरी म्हणा. मात्र गोड शब्दांवर भागत नाही. कागदोपत्री त्या स्वयंसेविका. पगार नाही, मोबदला मिळतो. तो वेळेवर मिळावा, हक्काची सुट्टी असावी, मन मोकळं करायला चार सोबतिणींची बैठक असावी. ग्रामसभेत हा विषय कोणी तरी काढायला हवा. तो आपणच का काढू नये?

दिव्याचा उजेड हवा, तर तेल घालण्याची जबाबदारीही आपलीच.