आधी घाम वाचवा

‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ हा रॉबर्ट ऑल्ड्रिचचा १९६५ सालचा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सहारात विमान कोसळतं आणि मोडक्या विमानातूनच नवं विमान बांधून माणसं बाहेर पडतात. सगळे बोलतात ते त्या विमानाबद्दल. मला बोलायचंय पाण्याबद्दल, कारण आपल्या चामोर्शी तालुक्यात उन्हातान्हात तेंदूपानं तोडायचा हंगाम तोंडावर आलाय.

सिनेमातल्या माणसांजवळ खजूर भरपूर, पाणी मोजकं. मग ती माणसं दिवसा सावलीत पडून राहतात आणि रात्री कामाला लागतात. नीट ऐका. पाणी वाचवण्याआधी ते घाम वाचवतात.

घरातल्या माठाकडे बघा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. आपलं अंगही तसंच. तोच माठ उन्हात ठेवा, भराभर रिता होईल. आणि एकदा कोरडा पडून तापला की वरून पेलाभर पाणी ओतून काही तो लगेच गार होत नाही!

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. सकाळी पानं तोडायची, उन्हं चढायच्या आत घरी यायचं, सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या जागी, न्यायचे. आता ‘अजून दहा पुडके होऊ दे’ म्हणत बाया-माणसं भर दुपारी रानातच. मावशी, दहा पुडक्यांपायी जिवावर बेतवून घेऊ नका! वाघाच्या भीतीनं अंधारात निघता येत नाही, हेही खरं. उजाडल्यावरच निघा, गटानं निघा. म्हणजे तोडणीला वेळ आणखी कमी, मग मजुरीचं काय... तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

सिनेमातला डॉर्फमन चोरून जास्तीचं पाणी पितो. म्हणतो, मी इतरांपेक्षा जास्त राबतो. चोरी वाईटच, पण जो जास्त राबेल त्याला पाणी जास्त लागणारच. म्हणून तहान लागायची वाट बघू नका. तुंब्यात आंबील घ्या, पाणी वेगळं घ्या. आणि पुन्हा सांगतो, आधी घाम वाचवा.

वेळ संपत आलीय. उन्हानं कुणी बरळायला लागलं तर सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला, १०८ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. नुसता थकवा असेल तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजा.