प्राणवायू, गंधक आणि वर्गातील प्रयोग



प्राणवायू आणि गंधक यांचे पाठ पुष्कळदा लागोपाठ घेतले जातात, आणि त्यामुळे दोहोंचे साहित्य एकाच टेबलावर मांडले जाते. धोका आहे तो येथेच.

जुन्या पुस्तकांतून प्राणवायू तयार करण्यासाठी पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड यांचे मिश्रण तापविण्यास सांगितलेले असे. मँगनीज डायऑक्साइड ही काळी भुकटी. कोळशाची पूडही काळीच. बाटलीवरील चिठ्ठी पुसट झाली असेल, तर एकीच्या जागी दुसरी हाती येण्यास कितीसा वेळ लागतो? क्लोरेटात कोळसा वा गंधक मिसळून तापविला, इतकेच नव्हे तर नुसता खलात घोटला, तरी स्फोट होऊ शकतो. फुटलेल्या नळीच्या काचा पुढे बसलेल्या मुलांच्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात. ही कृती प्राथमिक शाळेत सर्वस्वी वर्ज्य मानावी. अनुभवी शिक्षकानेही येथे आपल्या हातावर विसंबू नये.

औषधांच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तेच काम बिनधोक करते. शेकडा 3 प्रमाणाचे द्रावण आपल्या आकारमानाच्या सुमारे 10 पट प्राणवायू देते. त्यात चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड, किंवा तोही नसल्यास कच्च्या बटाट्याचा कीस टाकावा. बुडबुडे लगेच उठू लागतात. भांड्याचे तोंड मात्र बुचाने घट्ट बंद करू नये. नळीला वाट मोकळी असावी. पाण्यावर साठविलेल्या या वायूत विझत आलेली उदबत्ती धरताच ती पेट घेते. मुलांनी ते आधी पाहावे. नाव मागाहून सांगावे.

गंधकाचा प्रयोग ओसरीवर, वारा मुलांकडून पात्राकडे वाहत असताना करावा. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना दूर बसवावे. हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढा गंधक पुरे होतो. हवेत त्याची ज्योत फिकट निळी दिसते, प्राणवायूत ती झळाळून उठते. ज्योत विझताच पात्रावर झाकण सरकवावे. आत थोडे पाणी घालून हलविल्यास त्यात बुडविलेला निळा लिटमस कागद तांबडा होतो.

जळलेल्या गंधकाचे वजन वाढते, हे लव्हाझिए याने 1772 साली नोंदविले. पुढे प्रत्येक आम्लात हा वायू असतोच असे मानून त्याने त्यास ‘आम्लजनक’ या अर्थाचे ऑक्सिजन हे नाव दिले. मिठापासून होणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नाही, हे 1810 साली डेव्ही याने दाखविले. नाव मात्र टिकले. एवढा मोठा शास्त्रज्ञही चुकला, हे मुलांना अवश्य सांगावे.

याच वायूत गुलाबाची ओली पाकळी ठेवल्यास तिचा रंग उडतो. अनेक साखर कारखान्यांतून गंधक जाळून निघालेला वायू उसाच्या रसात सोडतात, तो रस स्वच्छ होऊन साखर पांढरी व्हावी म्हणून. ज्या गावचा ऊस कारखान्याला जातो, तेथील मुलांना गंधकभट्टीविषयी घरी विचारून येण्यास सांगावे आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यांच्या माहितीपासून सुरू करावा.