ध्वनिमुद्रिकेची गति आणि गायकाचा सूर

संगीताची आवड असलेल्या घरांत नवें ध्वनियंत्र आलें कीं पहिला प्रश्न त्याच्या किंमतीचा निघतो आणि दुसरा त्याच्या आवाजाचा. लाउडस्पीकर किती मोठे, अँप्लिफायर नळ्यांचा कीं ट्रान्झिस्टरचा, सुईचा हिरा कोणत्या घडणीचा, जोडतारा कोणत्या धातूच्या, यांवर तासन् तास चर्चा चालते. या चर्चेंत एक साधा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. तबकडी मिनिटास किती फेरे घेत आहे? जुन्या गायनाच्या बाबतींत पुढची सारी शोभा या एका प्रश्नावर अवलंबून आहे. तबकडीची गति चुकली तर गायकाचा सूर चुकतो. आणि जो सूर गायकानें कधीं लावलाच नाहीं, तो उत्तम यंत्रांतून ऐकला म्हणून खरा ठरत नाहीं.

ही गोष्ट कशी घडते तें पाहण्यासारखें आहे. तबकडीच्या खांचेंत ध्वनीच्या लहरी कोरलेल्या असतात. सुई त्या खांचेंतून जितक्या वेगानें जाईल तितक्या जलद त्या लहरी उमटतात. फेरे वाढले कीं प्रत्येक स्वराची कंपनसंख्या त्याच प्रमाणांत वाढते. पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचें अंतर शेंकडा सहाच्या किंचित् आंत असतें. म्हणजे ७८ फेऱ्यांनीं मुद्रित झालेली तबकडी ८२ ते ८३ फेऱ्यांच्या दरम्यान फिरविली कीं काळी एकमध्यें गाणारा गायक पांढरी दोनमध्यें गाऊं लागतो. मिनिटास अवघे साडेचार फेरे, पण तेवढ्यांत गायकाची पट्टीच बदलून जाते.

केवळ सूर चढला एवढ्यावरच हें थांबत नाहीं. मनुष्याच्या आवाजाला जो विशिष्ट रंग असतो, तो घसा व तोंड यांतील पोकळ्यांच्या आकारामुळें येतो. फेरे वाढल्यानें जणूं त्या पोकळ्याच लहान होतात, आणि भारदस्त आवाज पातळ व कोंवळा वाटूं लागतो. लय वाढते, तान अधिक चपळ होते, आंदोलन घाईचें होतें. उलट फेरे कमी पडले तर फिरता गळाहि जड व आळसावलेला भासतो. रागाला मात्र यांत कांहींच धक्का लागत नाहीं. सर्व स्वर एकाच प्रमाणांत सरकल्यामुळें त्यांचीं परस्परांतील अंतरें कायम राहतात, आणि हिंदुस्थानी संगीतांत षड्ज तर कोठेंहि धरतां येतो. म्हणूनच चांगल्या कानाच्या श्रोत्यालाहि ही चूक सहसा उमगत नाहीं. यमन यमनच राहतो. बदलतो तो गाणारा मनुष्य.

हा घोटाळा मुळांत मुद्रणाच्या वेळींच उत्पन्न झाला. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान यांचें गाणें तबकडीवर उतरवून घेतलें. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. गायिकेनें मोठ्या कर्ण्यासमोर उभें राहून गावयाचें आणि त्या आवाजाच्या जोरानेंच सुईनें मेणावर रेघ ओढावयाची, अशी रीत होती. मुद्रणाचीं यंत्रें पुष्कळदां खालीं उतरणाऱ्या वजनावर चालत. अमुकच फेरे असले पाहिजेत असा नियम नव्हता. निरनिराळ्या कंपन्या सत्तरपासून ऐंशीच्या पुढेंपर्यंत गति ठेवीत, आणि एकाच कंपनीच्या दोन बैठकींतहि फरक पडे. १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्यानें मुद्रण सुरू झाल्यावर ७८ हा आंकडा रूढ झाला. तोहि नेमका नव्हे. विजेच्या मोटारीच्या हिशेबानें तो ज्या देशांत विजेचीं आवर्तनें सेकंदास ६० तेथें ७८.२६, आणि हिंदुस्थानाप्रमाणें जेथें तीं ५० तेथें ७७.९२ असा बसतो. एवढा फरक कानाला जाणवत नाहीं. परंतु १९२५ पूर्वीची तबकडी डोळे मिटून ७८ वर लावणें म्हणजे घड्याळ न पाहतां वेळ सांगण्यासारखें आहे.

याचें महत्त्व केवळ हौसेपुरतें नाहीं. अब्दुल करीम खां यांचें गाणें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुद्रित झालें आणि पुन्हां १९३० नंतरच्या वर्षांत झालें. १९३७ सालीं ते निवर्तले. त्यांचा तरुण वयांतील आवाज आणि उतारवयांतील आवाज यांची तुलना करण्यास आतां तबकड्यांखेरीज दुसरें साधन उरलेलें नाहीं. त्यांतील पहिली तबकडी जलद आणि दुसरी सावकाश फिरविली, तर आवाज वयानें उतरला कीं यंत्रानें उतरविला, हें कोण सांगणार? विद्यार्थी या मुद्रिका ऐकून गळा तयार करतात, आणि अभ्यासक त्यांवरून घराण्याच्या गायकीबद्दल विधानें करतात. वाढलेल्या फेऱ्यांनीं जी तान गायकाच्या पदरीं टाकली, ती साधण्यासाठीं एखादा शिष्य वर्षानुवर्षें घसा खरडीत बसला, तर तो दोष कोणाचा?

खरी गति ओळखण्याचे कांहीं मार्ग आहेत. त्या काळचे पुष्कळ कलावंत गाणें संपतां संपतां आपलें नांव उच्चारीत. मेणाचे ठसे जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, आणि हें गाणें कोणाचें तें तेथील कारागिरांस या उच्चारावरून कळे. आज तो उच्चार श्रोत्याच्या उपयोगीं पडतो, कारण गाण्यांतील आवाजापेक्षां बोलण्यांतील आवाजाचा अस्वाभाविकपणा कानाला लवकर खटकतो. दुसरा साक्षीदार पेटी. साथीच्या पेटीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल तर गति संशयास्पद समजावी. मात्र जुन्या पेट्यांची जुळणी आजच्या मापाची असेलच असें नाहीं, आणि केवळ तंबोऱ्यावर गाणारा गायक दोन पट्ट्यांच्या मध्यें सूर धरूं शकतो. यास्तव एका खुणेवर निकाल देऊं नये. एकाच बैठकींतील चार तबकड्या शेजारीं ठेवाव्या, त्याच गायकाची इतर मुद्रणांतील पट्टी पाहावी, आणि तीन खुणा एका ठिकाणीं मिळाल्या तर तेथें थांबावें. त्यासाठीं गति कमी-अधिक करतां येणारें यंत्र हवें, आणि फेरे मोजण्याची कागदी चकती हवी. ५० आवर्तनांच्या विजेवर पेटणाऱ्या दिव्याखालीं ७७ काळ्या रेघांची चकती स्थिर दिसली, तर गति ७७.९२ आहे असें निश्चित समजावें. ही चकती कागदाच्या किंमतींत होते.

गतीच्या पाठोपाठ मध्यभागच्या भोंकाकडे पाहावें. हें भोंक एक मिलिमीटरनें जरी बाजूस पडलें असेल, तरी मध्यापासून सहा सेंटिमीटरवरच्या खांचेंत स्वर प्रत्येक फेऱ्यास पाव पट्टीहून अधिक वर आणि तितकाच खालीं झोके घेतो. लांबविलेला षड्ज लाटेवरच्या होडीसारखा हलतो, आणि श्रोता गायकाच्या श्वासाला दोष देतो. त्यानंतर सुई. लाखेच्या जुन्या तबकडीची खांच रुंद असते आणि तिला इंचाच्या सुमारें तीन सहस्रांश त्रिज्येचें टोंक लागतें. १९४८ सालीं निघालेल्या दीर्घवादी तबकडीचें टोंक याच्या एक-तृतीयांश अथवा त्याहूनहि बारीक असतें. तें जुन्या खांचेच्या तळाशीं घासत जातें आणि गाण्यापेक्षां खरखरच अधिक ऐकवितें. लाखेची तबकडी स्पिरिटनें कधींहि पुसूं नये. स्पिरिटांत लाख विरघळते. एवढी व्यवस्था झाल्यावर मग श्रोत्यानें अँप्लिफायरच्या किंमतीचा विचार खुशाल करावा.

आतां जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून घेण्याचा परिपाठ पडला आहे, आणि तो इष्टच आहे. लाख ठिसूळ असते व फुटलेली मुद्रिका परत येत नाहीं. परंतु चुकीच्या गतीनें केलेली नक्कल ती चूक कायम करते. नक्कलेची नक्कल होते, इंटरनेटवरून ती घरोघर जाते, आणि अत्यंत महाग कर्णयंत्रें लावून लोक नसलेला सूर अत्यंत स्वच्छ ऐकतात. १९७७ सालीं अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशांत गेली. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी तींत आहे. ती तबकडी मिनिटास सोळा पूर्णांक दोन-तृतीयांश फेऱ्यांनीं फिरविण्याची आहे, आणि एका फेऱ्यास ३.६ सेकंद लागले पाहिजेत हें तिच्या आवरणावर आकृतींनीं कोरलें आहे. काळाचें माप म्हणून हायड्रोजनच्या अणूंतील एका ठराविक बदलास लागणारा काळ घेतला आहे. ज्यांना माणसाची कोणतीच भाषा येत नाहीं अशा श्रोत्यांसाठींहि गति लिहून ठेवणें पाठविणाऱ्यांस आवश्यक वाटलें.

पुण्यामुंबईच्या कपाटांत आजोबांच्या तबकड्या जपून ठेवणाऱ्या गृहस्थांनीं इतकें तरी करावें. नक्कल करतांना कोणती गति धरली, कोणत्या सुईनें वाजविली आणि षड्ज कोणत्या पट्टींत मिळाला, या तीन गोष्टी नक्कलेबरोबर लिहून ठेवाव्या. पुढच्या पिढीस ती गति चुकीची वाटली, तर त्या टिपणाच्या आधारें ती सुधारतां येईल. टिपण नसेल तर चूक कोठें झाली हेंहि तिला कळणार नाहीं.