शाळेची वाट आणि पदपथाची रुंदी



शाळा सुटली की आपल्या मुली दप्तर सावरीत, हातगाड्या चुकवीत भर रस्त्यातून घरी जातात. पदपथ नाही असे नाही; पण त्यावर दुकानाची पायरी, विजेचा खांब आणि उभ्या सायकली! इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत वस्तीत किमान १.८ मीटर व बाजारात २.५ मीटर रुंदी सांगितली आहे. ती मोकळ्या वाटेची, खांब वगळून. समोरून चाकांची खुर्ची आली तरी कोणालाही रस्त्यावर उतरावे लागू नये, एवढाच त्याचा अर्थ.

नगरपालिका विकास आराखड्यावर हरकती मागवील, तेव्हा पालकांनी आपली मापे लेखी द्यावीत. टेप मात्र शाळा सुटण्याच्या वेळीच लावावी. दुकानदार आपल्यातही आहेत. त्यांची पायरीसुद्धा मोजावी.