हरणासाठी गोळी केवढी हवी?

विस्कॉन्सिनच्या थंडीवरचा भाग ऐकून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: तू शिकारीला जातोस म्हणजे नक्की काय करतोस?

आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. इथे मात्र थँक्सगिव्हिंगच्या आसपास बंदुकीने हरणं मारायचा नऊ दिवसांचा सीझन असतो. रीतसर लायसन्स काढायचं, भडक नारिंगी जॅकेट घालायचं. मारलेल्या हरणाचं मांस हिवाळाभर घरात खातात. ऑफिसातले एक सीनियर मला सोबत नेतात. बंदूक त्यांची. मी टॉर्च धरतो आणि हरण ओढायला हात लावतो.

हे काका गोळ्या घरीच ओततात. गॅरेजमध्ये शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालं की बाहेर काढायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टिपिकल इंजिनिअरचा प्रश्न टाकला, "हरणाला किती ज्यूल पुरतात?"

ते हसले. म्हणाले, "दोन काडतुसांचं गणित करून बघ."

एक थर्टी-थर्टी, १८९५ सालचं. गोळी साधारण ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६१० मीटर. दुसरं फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी, १८७३ सालचं, अमेरिकन लष्कराचं. गोळी २६ ग्रॅमची, वेग जेमतेम ४०० मीटर. अर्धा एम व्ही स्क्वेअर केलं, तर नळीतून निघताना दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखी, दोन हजार ज्यूलच्या आसपास! पण एकीची जाडी ७.८ मिलिमीटर आणि दुसरीची ११.६. म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त.

आता हे का महत्त्वाचं? दुकानातली शिकारीची गोळी बहुतेक वेळा तांब्याच्या आवरणाची असते. ती आत शिरली की टोकाला फुलते आणि स्वतःच रुंद होते. शिशाची कडक ओतीव गोळी फारशी फुलत नाही. जेवढी शिरते तेवढीच बाहेर पडते. म्हणून ती मुळातच जाड हवी, किंवा निदान तिचं टोक चपटं आणि रुंद हवं.

मिश्रणाचंही तसंच. नुसतं शिसं मऊ असतं, वेग वाढला की नळीत चिकटतं आणि नेम बिघडतो. म्हणून त्यात कथिल आणि अँटिमनी घालतात. एक जुनं, प्रसिद्ध प्रमाण आहे: ९० टक्के शिसं, ५ कथिल, ५ अँटिमनी. पण कडकपणा वाढवतच नेला, तर गोळी फुलायची उरलीसुरली शक्यताही जाते.

हे सगळं मला कागदावर कळलं होतं. खरं कळलं ते दोन वर्षांपूर्वी.

अंधार पडत आला होता. काकांकडे थर्टी-थर्टी, गोळ्या कडक आणि गोल टोकाच्या. हरण नेहमीपेक्षा लांब होतं. गोळी लागली, हरण उडी मारून पळालं. बर्फावर रक्ताचे थेंब, तेही लांब लांब, तिळाएवढे. आम्ही तीन तास टॉर्च घेऊन फिरलो. काही सापडलं नाही. सकाळी एका ओढ्याकाठी मिळालं. रात्री कोल्ह्यासारखी जनावरं, ज्यांना इथे कायोटी म्हणतात, ती येऊन गेली होती. गोळी आरपार गेलेली, पण थोडी मागे लागलेली, आणि भोक पेन्सिलीएवढं. ते हरण लगेच मेलं नव्हतं, हे बर्फावरच्या बसल्याच्या खुणांवरून दिसत होतं.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. घरी गेल्यावर काकांनी उरलेल्या सगळ्या गोळ्या परत भांड्यात टाकून वितळवल्या. आता साचा चपट्या टोकाचा आहे, मिश्रण थोडं मऊ आहे. आणि शंभर मीटरच्या पुढे ते बंदूक उचलतच नाहीत.

जाड गोळीनेही हा अंतराचा प्रश्न सुटत नाही, बरं का. ती फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी शंभर यार्डांवर नेम धरून सेट केली, तर दोनशे यार्डांवर दोन फुटांहून जास्त खाली जाते. आणि हरणाचं हृदय-फुप्फुस मिळून लक्ष्य असतं एका छोट्या ताटलीएवढं.

नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. कोलोराडोत हरणासाठी किमान ६ मिलिमीटर जाडीची आणि फुलणारीच गोळी लागते. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच चालत नाही, कारण मागे टाकलेली आतडी खाऊन गरुड-गिधाडांना विषबाधा होते.

तर, "कुठलं कॅलिबर पुरेसं?" याचं उत्तर एका आकड्यात नाही. जाडी, टोक, मिश्रण, अंतर, नेम हे सगळं एकत्र बघावं लागतं. आणि यातलं एकही मनासारखं नसेल, तर बोट ट्रिगरवरून काढायचं. गेल्या सीझनला काकांनी दोनदा काढलं. रिकाम्या हाताने परत आलो. वाटेत त्यांनी मला कॉफी पाजली, आणि त्या दिवशी ते खूश होते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!