बालाघाटावरील घर आणि जमीन

दसऱ्याचें सोनें वाटून होतें न होतें तोंच बालाघाटाच्या पठारावरील गांवांत बांधाबांध सुरू होते. ज्वारी-बाजरीचें पीठ डब्यांत भरलें जातें. तवा, परात, गोधड्या आणि चार भांडीं यांचीं गांठोडीं होतात. आणि एके दिवशीं पहांटे ट्रॅक्टर वेशीपाशीं येऊन उभा राहतो. नवरा, बायको आणि कडेवरचें मूल त्यांत चढतें. मागें राहतात ओट्यावर बसलेलीं म्हातारीं माणसें, शाळेसाठीं त्यांच्यापाशीं ठेवलेलीं नातवंडें, आणि दोहों बाजूंच्या दारांना लागलेलीं कुलपें. बीड जिल्ह्यांतील पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, केज या तालुक्यांतून हजारों जोडपीं याप्रमाणें दरवर्षीं ऊसतोडीस जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटक येथील कारखान्यांच्या फडांवर कोपी उभारून तीं राहतात, आणि पाडव्याच्या मागेंपुढें परततात.

या जोडप्याचें गांवांत घर आहे आणि सातबाऱ्यावर जमीनहि आहे. जगाच्या भाषेंत हीं मालमत्तेचीं धनी माणसें. मग स्वतःची जमीन सोडून परक्याचा ऊस तोडावयास यांनीं कां जावें? आणि ज्या मालमत्तेवर बारा महिने राहतां येत नाहीं, ती ठेवावी कीं विकावी? हा प्रश्न पठारावरील बहुतेक घरांत केव्हां ना केव्हां निघतो. पुण्यामुंबईच्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांचाहि एखादा वांटा अशाच गांवांत पडून असतो. तेव्हां हा प्रश्न केवळ दूरच्या माणसांचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

प्रथम भूमीचा स्वभाव पाहिला पाहिजे. बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीकांठची सखल, काळ्या मातीची गंगथडी. गेवराई आणि माजलगांव हे तालुके तिकडचे. दक्षिणेस व पश्चिमेस बालाघाटाचें पठार. मांजरा नदी याच पठारावर पाटोदा तालुक्यांत उगम पावते. सिंदफणा आणि बिंदुसरा यांचा उगमहि याच डोंगरांत. नद्यांचें जें माहेर तेथेंच पाण्याची वाण असावी हें चमत्कारिक वाटेल. पण माहेरीं लेक राहते ती चार दिवस, तसेंच येथील पाण्याचें आहे. वर्षाचा सरासरी पाऊस ६०० ते ७०० मिलिमीटर, आणि तोहि लहरी. खालीं काळा खडक, त्यावर मुरूम, आणि मुरमावर वीतभर हलकी माती. पडलेलें पाणी उतारावरून धांवत निघून जातें. मांजरेचें पाणी धनेगांवच्या धरणांत अडतें, सिंदफणेचें माजलगांवच्या. त्यांचा लाभ मुख्यतः सखल भागाला. पाऊस ज्यांच्या शिवारांत पडला त्यांच्या विहिरी मात्र फाल्गुनांतच तळ दाखवितात.

आतां घराकडे वळूं. जुनें घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, सागवानी किंवा बाभळीच्या तुळया, आणि वर मातीचें माळवद. वैशाखांत आंत गारवा असे, आणि रात्रीं निजावयास माळवद असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या शेजारच्या जिल्ह्यांतील अशींच घरें झोपलेल्या हजारों माणसांवर कोसळलीं, आणि मराठवाड्यांत माळवदाचा विश्वास उडाला. ज्याला जमलें त्यानें सिमेंटाचें घर बांधलें. न जमलें त्यानें पत्रे टाकले. अशा घराला बाजारांत गिऱ्हाईक नसतें. शिवाय गांवठाणांतील घराला ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्याखेरीज बहुधा कागदच नसे, आणि तो उतारा म्हणजे करआकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० सालीं आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेंत ड्रोननें गांवठाणें मोजून मिळकत-पत्रिका देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. कर्जासाठीं, वांटणीसाठीं आणि तंट्याच्या वेळीं अशी पत्रिका मोठी उपयोगाची आहे. मात्र मोजणीच्या दिवशीं घरधनी फडावर असला, तर त्याच्या अंगणाची हद्द दाखविणार कोण, हा विचार आधीं झालेला बरा.

जमिनीचा कागद याहूनहि गुंतागुंतीचा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कांहीं गांवें सरकारी, कांहीं जहागिरीचीं, कांहीं खुद्द निजामाच्या खाजगी उत्पन्नाचीं. त्यांशिवाय देवळें, मठ व दर्गे यांच्या इनामी जमिनी. १९४९ सालीं जहागिरी संपल्या. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्यानें कसणाऱ्याला संरक्षित कुळाचे हक्क दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. प्रत्येक पालटाबरोबर दप्तरहि पालटलें. म्हणून आजहि एखाद्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग दोन' असा शेरा आढळतो. अशा जमिनीची विक्री सरकारी परवानगीवांचून होत नाहीं. देवस्थान इनामाची जमीन तर साधारणपणें विकतांच येत नाहीं. 'इतर हक्क' या सदरांत सोसायटीचा बोजा किंवा कुळाचें नांव असतें तें वेगळेंच. जमीन घेणाऱ्यानें आणि विकणाऱ्यानेंहि जमिनीच्या काळेपणाआधीं हा कागद पाहावा.

यापुढचा हिशेब साधा आहे. समजा, आजोबाच्या नांवावर सोळा एकर होते. चार मुलगे झाले; प्रत्येकास चार एकर आले. त्यांना दोन दोन मुलगे झाले. नातवाच्या वांट्यास दोन एकर उरले, आणि त्यांतला एक माळ. चांगल्या पावसाच्या वर्षीं तेथें बाजरी, तूर, थोडें सोयाबीन होतें. दाणागोटा निघतो, परंतु मुलाचें शिक्षण, आईचें दुखणें आणि बहिणीचें लग्न त्यांतून निघत नाहीं. ही तूट उचलीनें भरली जाते. हंगामापूर्वीं मुकादम जोडप्याला रोख रक्कम आगाऊ देतो, तीच उचल. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात, आणि टनामागें जी मजुरी पडते तींतून ती रक्कम वळती होते. न फिटली तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. म्हणजे जमीन सरकारच्या दप्तरांत घरच्या नांवावर, आणि घरचीं माणसें मुकादमाच्या वहींत!

मग विकून मोकळें कां होऊं नये? विचार वाजवी आहे; पण विकण्याची वाट वाटते तितकी सरळ नाहीं. सडकेकडेच्या किंवा तलावाखालच्या जमिनीला गिऱ्हाईक पुष्कळ. आडरानांतील माळ घेणारा बहुधा बांधशेजारीच असतो, आणि तो समोरच्याची गरज ओळखून भाव सांगतो. शेतकरी नसलेल्या मनुष्यास शेतजमीन घेण्यास महाराष्ट्रांत कायद्याची आडकाठी आहे. तुकडेबंदीच्या नियमानें फार लहान तुकडा तोडून विकतां येत नाहीं. २०२३ सालीं ही मर्यादा बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस २० गुंठे आणि बागायतीस १० गुंठे अशी ठरविण्यांत आली. इतकें करून जो पैसा हातीं येतो तो उचलीच्या बाकींत, दवाखान्यांत आणि मांडवांत जिरतो. पुण्याच्या एखाद्या वस्तींत त्यांतून दोन खोल्या होत नाहींत. दोन वर्षांनीं पाहावें तों जमीनहि नाहीं आणि कोयता मात्र हातांत तसाच.

त्यांतच काळ पालटत आहे. पठारावर वाहणाऱ्या ज्या वाऱ्यानें पूर्वीं केवळ छपरें उडत, त्याच वाऱ्यासाठीं आतां पवनचक्क्यांचे मनोरे उभे राहिले आहेत आणि माळाला भाडें मिळूं लागलें आहे. १९९५ सालीं मंजूर झालेल्या अहमदनगर-बीड-परळी लोहमार्गाची पहिली गाडी ३० वर्षांनीं, १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, बीडच्या स्थानकांतून निघाली. ज्या माळाला काल कोणी विचारीत नव्हतें, त्याला उद्यां मोल येणार नाहींच असें नाहीं. म्हणून अडचणीच्या दिवसांत केलेली विक्री आणि न वाचतां उठविलेला अंगठा, हीं दोन्ही सारखींच महाग पडतात. भाडेपट्टा किती वर्षांचा, भाडें कसें वाढणार, रस्त्यासाठीं किती जमीन जाणार, आणि मुदत संपल्यावर जमीन कोणत्या स्थितींत परत येणार, हीं चार कलमें कोणीतरी जाणत्यानें मोठ्यानें वाचून दाखवावीं आणि मगच सही व्हावी.

परंतु भावापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे कागदावर नांव कोणाचें. शेतांत पेरणी, खुरपणी व काढणी करणारी, आणि फडावर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी स्त्री, हिचें नांव पुष्कळदां कोणत्याच उताऱ्यावर नसतें. नवरा अकालीं गेला, तर तिला वारस म्हणून नोंद लावण्यासाठीं चावडीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि तोंवर दीर-भाऊबंदांचीं नांगरें तिच्या बांधाच्या आंत येतात. कायदा तिच्या विरुद्ध नाहीं. १९५६ च्या वारसा कायद्यानें विधवेला व मुलीला वांटा दिला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं आणि केंद्रानें २००५ सालीं मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीनें आणलें. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें 'लक्ष्मीमुक्ति'ची मोहीम काढून पत्नीच्या नांवें जमीन करून देण्याचा आग्रह धरला, आणि पुढें १९९२ सालीं शासनानेंहि पतीच्या हयातींतच पत्नीचें नांव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. उणीव कायद्याची नाहीं. तलाठ्यापर्यंत जाऊन अर्ज देण्याची आहे.

या बाबतींत एक दूरचें उदाहरण बोधप्रद होईल. इंडोनेशियांत सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागीं डोंगराळ प्रदेशांत मिनांगकाबाऊ नांवाचे लोक राहतात. तेहि जमीनदार, आणि तेहि परदेशीं जाणारे. तरुणानें कांहीं वर्षें गांव सोडून कमाई करावी अशी त्यांची जुनी चालच आहे. पण तेथें वडिलोपार्जित भातशेत आणि मोठें घर आईकडून मुलीकडे जातें, तें साऱ्या कुळाचें समजलें जातें, आणि अगदीं थोड्या ठरलेल्या प्रसंगांवांचून गहाण टाकतां येत नाहीं. पुरुष कोठेंहि गेला तरी घर उघडें राहतें. ते लोक धर्मानें मुसलमान आहेत, आणि तरीहि ही मातृवंशाची रीत त्यांनीं सांभाळली आहे. बालाघाटानें ती रीत जशीच्या तशी उचलावी असें नव्हे; पण जी जमीन कसते तिचें नांव जमिनीला चिकटलेलें असलें म्हणजे एका माणसाच्या कर्जापायीं किंवा व्यसनापायीं घर एका रात्रींत मोडत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

दुसरी गोष्ट पाण्याची. बीड शहराजवळ खजाना बावडी आहे. अहमदनगरच्या निजामशाहींत, सोळाव्या शतकांत, ती बांधली गेली. भूमिगत कालव्यानें तिचें पाणी मोटेवांचून, केवळ उताराच्या बळानें, शेतांत पोंचतें. बालाघाटाच्या उताराचा उपयोग पाणी गमावण्यासाठींच होतो असें नाहीं, हें त्या कारागिरांनीं तेव्हांच दाखवून दिलें. अलीकडचें उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें. पाऊस बालाघाटाहून अधिक नव्हे; पण १९९० नंतर सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांवकऱ्यांनीं डोंगरावर चर खोदले, बांध घातले, चराई बंद केली, शेतीसाठीं कूपनलिका आणि उसासारखीं तहानेलीं पिकें वर्ज्य केलीं, आणि बाहेरच्यास जमीन न विकण्याचें ठरविलें. गांव सोडून गेलेलीं कुटुंबें परत आलीं. तेथें जमीन तीच, एकरहि तेवढेच. मोल वाढलें तें जमिनींत मुरलेल्या पाण्यामुळें.

बालाघाटाला तर एक देणगी अशी आहे कीं जी मुरमावरहि फळते. सीताफळाचें झाड येथें माळावर, बांधावर आपोआप उगवतें. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. निरुपयोगी म्हणून जो एकर हिशेबांत धरला जात नाहीं, त्याच एकरांत हें झाड कमी पाण्यावर उभें राहतें, आणि त्याचा तोडा ऊसतोडीच्या गाड्या निघण्याच्या सुमारासच येतो. एका एकराच्या सीताफळानें उचल सुटेल असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ती थोडी लहान घ्यावी लागेल, आणि लहान उचल लवकर फिटते.

तेव्हां ठेवावी कीं विकावी, या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत येणार नाहीं. ज्याचीं मुलें शहरांत कायमचीं रुजलीं आणि ज्याचा वांटा वर्षानुवर्षें पडीक आहे, त्यानें तो कसणाऱ्या भावालाच वाजवी किमतींत द्यावा. तुकडा जोडला जाईल आणि गांव टिकेल. ज्याचें पोट अजून त्या मातीशीं बांधलेलें आहे, त्यानें विकण्यापूर्वीं तीन गोष्टी करून पाहाव्या : उताऱ्यावर बायकोचें नांव, उतारावर बांध, आणि माळावर झाड. या तिहींना मिळून जो खर्च येतो, तो एका हंगामाच्या कष्टांपुढें फार नाहीं.

पाडव्याला जोडपें परततें, म्हातारी कनवटीची किल्ली काढते आणि कुलूप उघडतें. आंत धूळ असते, कोळिष्टकें असतात. पण घर असतें. पुढच्या दसऱ्याला तें कुलूप पुन्हा लागावें कीं न लागावें, याचा निकाल फडावर लागत नाहीं. मधल्या सहा महिन्यांत शेताच्या बांधावर आणि चावडीच्या दप्तरांतच लागतो.