डोरोथी डे वाचताना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



'श्रद्धा आणि चळवळ' यावर तू बोल, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी देव मानत नाही. घरच्या सत्यनारायणातला माझा वाटा प्रसादाच्या शिऱ्यापुरता. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात सलते आहे, ती इथे सांगितलेली बरी.

आमच्या केंद्रात एक बाई यायची. चार घरची धुणीभांडी करणारी, नवऱ्याच्या माराला कंटाळलेली. ती कॅथलिक झाली होती. एकटीच, नवरा नाही, मुलं नाहीत. आमच्या बैठकीत यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं, आमिष दाखवलं असेल. कुणी म्हणालं, बिचारीला आधार हवा असेल. मी केस-पेपरवर लिहिलं, 'धर्माच्या आहारी गेली आहे. वास्तवाला सामोरं जाण्याची तयारी दिसत नाही.' एम.एस.डब्ल्यू. केलं की असली वाक्यं हाताला आपोआप येतात.

एकदा ती तिची वही केंद्रात विसरली. केस समजून घ्यायला मदत होईल, असं स्वतःला सांगून मी ती वाचली. किराण्याची उधारी, मध्येच उतरवून घेतलेल्या प्रार्थना आणि शेवटी, ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांच्या नावांची यादी. त्यात नवऱ्याचं नाव होतं. माझंही होतं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ताई, वाचली का?" मी नाही म्हटलं. त्यानंतर तिने वही कधी आणली नाही.

पुढे वर्षभराने डोरोथी डे या अमेरिकन बाईचं आत्मचरित्र माझ्या हाती आलं. तुमच्यापैकी फार जणींनी तिचं नाव ऐकलं नसेल. १८९७ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेली ही बाई विशीत समाजवादी वर्तमानपत्रांत लिहीत होती. १९१७ मध्ये मताधिकारासाठी व्हाइट हाउससमोर निदर्शनं करताना पकडली गेली. तुरुंगात त्या बायकांनी उपोषण केलं. गंमत अशी, की मतासाठी तुरुंगात गेलेल्या या बाईने पुढे आयुष्यात कधी मतदान केलं नाही, कारण ती अराज्यवादी होती! त्याच तुरुंगात तिने बायबल मागून घेतलं आणि स्तोत्रं वाचली. त्या ओळींनी धीर आला याची तिला मागाहून लाजच वाटली. स्वतःच्या बळावर उभं राहायला हवं होतं, असं तिला वाटलं. हे वाचलं आणि मला आमची बैठक आठवली. आपण जे त्या बाईबद्दल म्हणत होतो, तेच डोरोथी स्वतःला म्हणत होती.

ती देवाकडे गेली ती दुःखातून गेली असेल, असा आपला अंदाज असतो. डोरोथीचं उलट झालं. स्टेटन आयलंडवर समुद्रकाठच्या छोट्या घरात ती आपल्या जोडीदाराबरोबर सुखाने राहत होती. १९२६ मध्ये मुलगी झाली. झालेला आनंद कुणापाशी तरी व्यक्त करायला हवा, म्हणून ती प्रार्थना करू लागली. जोडीदाराला धर्मही नको होता आणि लग्नही. १९२७ च्या डिसेंबरात तिने बाप्तिस्मा घेतला आणि ते नातं संपलं. त्या दिवशी मनाला आनंद झाला नाही, असं ती स्वतः सांगते. कामगारांच्या चळवळीतल्या सोबत्यांना सोडून आपण श्रीमंतांच्या बाजूला जाऊन बसलो की काय, ही टोचणी तिला होतीच.

आणि तरी ती तिथे बसली नाही. १ मे १९३३ ला न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये कामगारांच्या गर्दीत तिने 'कॅथलिक वर्कर'चा पहिला अंक विकायला काढला. किंमत एक सेंट, प्रती अडीच हजार. काही वर्षांतच खप लाखाच्या वर गेला. मग महायुद्ध आलं, कुठल्याच युद्धाला पाठिंबा नाही असं तिने छापलं आणि खप कोसळला. बेघरांसाठी घरं उघडली. त्यांत ती स्वतःही राहत असे. १९४९ मध्ये चर्चच्याच दफनभूमीतल्या कबर खणणाऱ्यांनी संप केला, तेव्हा न्यूयॉर्कच्या कार्डिनलविरुद्ध ती संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचा पंथ वेगळा, अँग्लिकन. पण १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनीही विचार करणं थांबवलं नाही. ज्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या, त्यांच्याशी पत्रांतून वाद घातला.

सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. संततिनियमन आणि गर्भपात या बाबतीत ती चर्चची शिकवण मानणारी होती. आपल्या कामाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, ती लपवून तिला आपली म्हणता येणार नाही. आणि खुद्द तिचा तरुणपणी गर्भपात झाला होता. १९२४ च्या तिच्या कादंबरीत तो आहे. १९५२ च्या आत्मचरित्रात मात्र नाही. त्या कादंबरीची तिला पुढे इतकी लाज वाटे, की प्रती गोळा करून नष्ट कराव्यात असं तिच्या मनात आलं.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला राग आला. वाटलं, ही तर बनवाबनवी झाली. 'बोला, बायांनो, बोला' हे आपलं ब्रीद. शिबिरात एखादी गप्प बसली की आपण तिला बोलतं करतो. तिचं सांगणं टिपून घेतो, कधी छापतोही. गप्प राहणंही तिच्या हक्कात येतं, हे आपल्याला कोण शिकवतं?

डोरोथी आयुष्यभर वाचत आणि लिहीत राहिली. दस्तयेवस्कीच्या माणसांबद्दल ती शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलावं तशी बोले. आणि रोजनिशी लिहीत होती: कोण आजारी, कोण भांडलं, घरात पैसे किती उरले, मध्येच प्रार्थना. १९८० मध्ये ती वारली. त्या वह्या त्यानंतर २५ वर्षं बंद ठेवल्या होत्या. २००८ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. पंचवीस वर्षं. मला एक रात्र थांबता आलं नाही.

ती बाई आता आमच्या भागात राहत नाही. पत्ता कुणाला माहीत नाही. गेल्या महिन्यात मी तिचा केस-पेपर काढला. आमच्याकडे लिहिलेलं खोडता येत नाही, त्यामुळे माझी ती दोन वाक्यं तशीच आहेत. त्यांच्याखाली तारीख घालून मी एवढंच लिहिलं, 'कॅथलिक का झाली, हे तिला विचारलेलं नाही. तिची वही परवानगी न घेता वाचली आहे.' आणि सही केली.